कोची : अरबी समुद्राच्या राणीचे बहुरंगी दर्शन

सुटीतील प्रवासासाठी समुद्रकिनाऱ्याचा विचार करणाऱ्या पर्यटकांपुढे भारतात पर्यायांची कमतरता नाही. मात्र बंदर, राजवाडा, प्राचीन प्रार्थनास्थळे, मसाल्याचा बाजार, आधुनिक चित्रकला आणि खाडीतील जलप्रवास हे सारे एकाच शहरात आणि दोन-तीन दिवसांच्या अवधीत पाहावयाचे असेल, तर केरळमधील कोचीचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. 'अरबी समुद्राची राणी' या नावाने ओळखले जाणारे हे शहर केवळ पुळणीवर विसावण्याचे ठिकाण नव्हे. गेली सहा-सात शतके जगाच्या अनेक भागांतून आलेले लोक येथे व्यापारासाठी उतरले आणि त्यांतील अनेक जण येथेच स्थायिक झाले. त्यांच्या खुणा आजही शहराच्या रस्त्यांवर, स्वयंपाकघरांत आणि भाषांत स्पष्टपणे दिसतात.

पुरातून जन्मलेले बंदर

कोचीच्या उदयाची कथा एका नैसर्गिक आपत्तीशी जोडलेली आहे. प्राचीन काळी या किनाऱ्यावरील मुख्य बंदर कोचीच्या उत्तरेस, आजच्या कोडुंगल्लूर परिसरात होते. रोमन लेखकांनी त्याचा उल्लेख मुझिरिस या नावाने केला आहे. इ. स. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुरात त्या बंदराचे मुख गाळाने भरून गेले आणि दक्षिणेस कोची येथे समुद्राला मिळणारे पात्र रुंद व खोल झाले, असे परंपरेने मानले जाते. कोचीसमोरील वैपीन हे बेटही त्याच वेळी वर आले, अशी समजूत असून तेव्हापासून मोजला जाणारा 'पुदुवैप्पु' नावाचा शक येथे प्रचलित होता.

काळ्या मिरीच्या शोधात निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी पेद्रू अल्वारिश काब्राल हा डिसेंबर १५०० मध्ये कोचीला पोहोचला. कालिकतच्या सामुतिरी राजाशी त्याचे बिनसले होते, तर सामुतिरीच्या वर्चस्वाला कंटाळलेल्या कोचीच्या राजाला नव्या मित्राची गरज होती. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला उभारला. भारतातील पोर्तुगीज सत्तेचे मुख्यालय १५३० मध्ये गोव्याला हलविण्यात आले, त्यापूर्वी ते कोचीतच होते. पुढे १६६३ मध्ये डचांनी आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी शहराचा ताबा घेतला. स्वातंत्र्यानंतर, १ जुलै १९४९ रोजी कोची व त्रावणकोर ही संस्थाने एकत्र आली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य अस्तित्वात आले. केरळची राजधानी तिरुवनंतपुरम असली, तरी राज्याचे उच्च न्यायालय कोचीत आहे.

आजची कोची महानगरपालिका १९६७ मध्ये स्थापन झाली. फोर्ट कोची व मट्टनचेरी ही जुनी गावे आणि खाडीपलीकडील एर्नाकुलम ही नवी वस्ती तिच्यात समाविष्ट झाली. पर्यटकांनी हा भूगोल आधी लक्षात घेतल्यास फिरणे सोपे जाते. रेल्वे स्थानके, बाजारपेठ व बहुतेक कार्यालये एर्नाकुलममध्ये आहेत, तर ऐतिहासिक वास्तूंपैकी बहुसंख्य वास्तू फोर्ट कोची व मट्टनचेरी येथे आहेत.

फोर्ट कोची : चिनी जाळी आणि जुनी चर्चे

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरील 'चीनवला', म्हणजेच चिनी मासेमारी जाळी, ही या शहराची ओळख बनली आहेत. सुमारे दहा मीटर उंचीच्या लाकडी सांगाड्याला मोठे जाळे टांगलेले असते. विहिरीवरील ओकतीप्रमाणे हे यंत्र तोलावर चालते. एका बाजूला जाळे आणि दुसऱ्या बाजूला दोरांना बांधलेले जड दगड असतात. मुख्य वाशावरून एक माणूस पुढे चालत गेला, की केवळ त्याच्या वजनाने जाळे पाण्यात उतरते. थोड्या वेळाने पाच-सहा जण मिळून दोर खेचतात आणि जाळे वर येते. ही पद्धत चिनी दर्यावर्द्यांनी येथे आणली, असे सांगितले जाते. ती पोर्तुगीजांनी मकाव येथून आणली, असेही काही अभ्यासकांचे मत आहे.

जवळच असलेले सेंट फ्रान्सिस चर्च हे युरोपीयांनी भारतात बांधलेल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी एक होय. प्रारंभी लाकडी असलेली ही वास्तू १५१६ मध्ये पक्क्या स्वरूपात उभी राहिली. वास्को द गामा याचे २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत निधन झाले व त्याचे दफन येथेच करण्यात आले. त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला नेण्यात आले, तथापि मूळ दफनाची जागा आजही दाखविली जाते. कॅथलिक, डच प्रोटेस्टंट व अँग्लिकन अशा तीन पंथांच्या ताब्यात राहिलेली ही वास्तू आता चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे. काही अंतरावरील सांता क्रूझ बॅसिलिकाची मूळ इमारत इंग्रजांनी पाडली. सध्याची भव्य वास्तू १९०५ मध्ये प्रार्थनेसाठी खुली झाली. १७२४ पासूनची डच दफनभूमी, जुन्या वखारी आणि मोठ्या पर्जन्यवृक्षांच्या सावलीतील रस्ते पायी फिरूनच पाहावेत.

मट्टनचेरी : एका चौरस मैलात अनेक जग

फोर्ट कोचीला लागून असलेले मट्टनचेरी हे मसाल्याच्या व्यापाराचे जुने केंद्र होय. मिरी, सुंठ, वेलदोडे, लवंग व जायफळ यांच्या वखारींमुळे येथील गल्ल्यांतील हवेलाच एक वास आहे. मसाला मंडळ या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालयही कोचीतच आहे.

येथील राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी त्याची डागडुजी केल्यामुळे तो 'डच पॅलेस' या नावानेच ओळखला जाऊ लागला. बाहेरून साधा दिसणारा हा वाडा आतील भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणातील प्रसंग चितारलेले असून गेरू, हिरवा व पिवळा या रंगांची केरळी शैली तेथे अभ्यासता येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखालील हे संग्रहालय शुक्रवारी बंद असते.

वाड्याच्या शेजारीच १५६८ मध्ये बांधलेले परदेशी सिनेगॉग आहे. कोचीच्या राजाने यहुदी समाजाला त्यासाठी जागा दिली. परिणामी राजघराण्याचे भगवती मंदिर आणि यहुदी प्रार्थनास्थळ यांची भिंत एकमेकांस लागून आहे. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी या प्रार्थनास्थळाची नासधूस केली; डच सत्ता आल्यावर दोन वर्षांत ते पुन्हा उभे राहिले. अठराव्या शतकात चीनमधून आणलेल्या, हाताने रंगविलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आणि बेल्जियमची काचेची झुंबरे ही त्याची वैशिष्ट्ये होत. येथील मनोऱ्यावरील घड्याळ १७६० चे आहे. १९६८ मध्ये या वास्तूला ४०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हाच्या समारंभास तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या व टपाल खात्याने विशेष तिकीट प्रकाशित केले होते.

मराठी वाचकांना यहुदी समाज अपरिचित नाही. कोकणातील बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला. तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा म्हणून गावोगावी त्याला 'शनवार तेली' म्हणत. कोचीच्या यहुद्यांनी त्याचप्रमाणे मल्याळम आपलीशी केली आणि त्यांच्या स्त्रियांनी त्या भाषेतील गीते वह्यांतून जपली. इस्रायलच्या स्थापनेनंतर येथील बहुतेक कुटुंबे तिकडे स्थलांतरित झाली. आज 'ज्यू टाउन'मधील दुकाने गजबजलेली असली, तरी कोचीतील यहुदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. सामुदायिक प्रार्थनेसाठी धर्मनियमानुसार दहा प्रौढ पुरुष आवश्यक असतात. ती संख्या स्थानिक समाजातून पूर्ण होणे आता शक्य राहिलेले नाही. प्रार्थनास्थळाचे संग्रहालय होणे म्हणजे काय, हे येथे पाहावयास मिळते.

गोव्याहून आलेले कोकणी आणि एक विलक्षण ग्रंथ

महाराष्ट्र व गोव्यातील पर्यटकांसाठी मट्टनचेरीचे आणखी एक आकर्षण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीतील धर्मच्छळामुळे गोवा सोडलेल्या गौड सारस्वत कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे कोचीला आली. मट्टनचेरीतील चेर्लाय भागात असलेले तिरुमला देवस्वम हे त्यांचे प्रमुख मंदिर असून परिसरात आजही कोकणी ऐकू येते. गुजराती, कच्छी, तमिळ व उर्दू बोलणारे समाजही याच भागात नांदतात.

या वस्तीचा एक ठसा विज्ञानाच्या इतिहासावर उमटला आहे. डचांचा मलबारमधील गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने या प्रदेशातील वनस्पतींची माहिती संकलित करून 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे लॅटिन भाषेत प्रसिद्ध झाला. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने व चित्रे त्यात आहेत. या कामात इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य यांचा मोठा वाटा होता. ग्रंथातील माहिती खरी असल्याचे या तिघांचे कोकणी भाषेतील निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले असून नागरी छपाईच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. केरळमधील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी दीर्घ परिश्रमांनंतर केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केरळ विद्यापीठाने २००३ मध्ये प्रकाशित केला. त्यामुळे सव्वातीनशे वर्षे लॅटिनमध्ये बंद असलेले हे ज्ञान सर्वांना उपलब्ध झाले.

कला आणि उत्सव

कोचीची नवी ओळख म्हणजे कोची-मुझिरिस बिएनाले हे दर दोन वर्षांनी भरविण्याचे योजलेले समकालीन कलेचे प्रदर्शन होय. १२ डिसेंबर २०१२ रोजी त्याचा प्रारंभ झाला. त्याचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी व रियास कोमू हे दोघेही मूळचे केरळचे असून त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात झाले. २०१४ व २०१६ च्या पर्वांचे संयोजन अनुक्रमे जितीश कल्लाट व सुदर्शन शेट्टी या मुंबईच्या कलावंतांनी केले. १२ डिसेंबर २०२५ पासूनच्या सहाव्या पर्वाची धुरा निखिल चोप्रा व गोव्यातील एचएच आर्ट स्पेसेस या गटाकडे सोपविण्यात आली. पडीक वखारी व जुने वाडे यांचा प्रदर्शनासाठी उपयोग करण्याच्या या उपक्रमामुळे फोर्ट कोचीतील अनेक दुर्लक्षित वास्तूंकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

पारंपरिक कलांमध्ये कथकलीचे छोटे प्रयोग फोर्ट कोची व एर्नाकुलममध्ये सायंकाळी नियमितपणे होतात. प्रयोगापूर्वी तास-दीड तास आधी गेल्यास रंगभूषेची संपूर्ण प्रक्रिया प्रेक्षकांसमोर पाहता येते. ओणमच्या पर्वाचा आरंभ जवळच्या त्रिपुणितुरा येथे 'अत्तच्चमयम्' या भव्य मिरवणुकीने होतो. वर्षाच्या अखेरीस फोर्ट कोचीत कार्निव्हल भरते आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री 'पप्पाञी' नावाच्या म्हाताऱ्याच्या पुतळ्याचे दहन करून नव्या वर्षाचे स्वागत केले जाते. त्या रात्री प्रचंड गर्दी होत असल्याने वृद्ध व लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी दिवसाचे कार्यक्रम पाहणे सोयीचे ठरते.

खाडीतील प्रवास आणि आधुनिक कोची

एर्नाकुलम व फोर्ट कोची यांच्यामधील विलिंग्डन बेट हे मानवनिर्मित आहे. बंदराच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा जहाजांची वाट अडवीत असे. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने १९२० पासून हे काम हाती घेतले आणि १९२८ मध्ये मोठी जहाजे आतील बंदरात येऊ लागली. उपसलेल्या गाळातूनच हे बेट आकारास आले. नौदलाच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय कोचीत असून, स्वदेशी बनावटीची पहिली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत' कोचीन शिपयार्डमध्ये बांधण्यात आली व २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली.

याच कारखान्यात तयार झालेल्या विजेरीवरील बोटी आता पर्यटकांच्याही सेवेत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोचे उद्दिष्ट दहा बेटांना शहराशी जोडण्याचे आहे. या वातानुकूलित बोटींतून शंभर प्रवासी जाऊ शकतात. भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होणारे तरंगते धक्के असल्यामुळे चाकाच्या खुर्चीतील प्रवाशालाही विनासायास चढता येते. पुलांअभावी ज्यांना शाळा, रुग्णालय वा रोजगारासाठी वेळखाऊ प्रवास करावा लागे, त्या बेटवासीयांची सोय हा या योजनेचा मूळ हेतू आहे. उच्च न्यायालय ते फोर्ट कोची हा मार्ग एप्रिल २०२४ पासून सुरू झाला असून बंदराचे सर्वांत सुंदर दृश्य याच मार्गावरून दिसते. राज्य जलवाहतूक विभागाच्या जुन्या फेरीबोटीही अल्प दरात उपलब्ध आहेत.

परिसरातील स्थळे

• त्रिपुणितुरा येथील हिल पॅलेस : १८६५ मध्ये बांधलेला कोची राजघराण्याचा वाडा व संग्रहालय. सोमवारी बंद.
• चेराई : वैपीन बेटावरील पुळण. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस खाडी, हे येथील वैशिष्ट्य.
• कुंबळंगी : खेकडे व मासे पकडण्याच्या पद्धती, काथ्या वळणे आणि ग्रामजीवन जवळून पाहण्यासाठी विकसित केलेले खाडीकाठचे गाव.
• कालडी : पेरियार नदीकाठी वसलेले आद्य शंकराचार्यांचे जन्मस्थान. विमानतळापासून जवळ.
• कोडुंगल्लूर व पट्टणम : प्राचीन मुझिरिसचा परिसर. पट्टणम येथे २००७ पासून झालेल्या उत्खननात रोमन व्यापाराचे पुरावे सापडले.

खाद्यसंस्कृती

कोकणी चवीशी जवळीक असलेल्या पर्यटकांना कोचीचे जेवण परके वाटत नाही. खोबरे, तांदूळ व मासे हा येथेही आहाराचा पाया आहे. आमटीत कोकम घालण्याची कोकणातील रीत येथे 'कुडंपुळी'च्या रूपात भेटते. कोकमाच्याच कुळातील हे फळ धुरावर काळे होईपर्यंत वाळविले जाते व माशाच्या कालवणाला खास आंबटपणा देते. केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला करिमीन हा येथील प्रसिद्ध पदार्थ असून गोव्यात याच माशाला काळुंदर म्हणतात. आंबोळीच्या जातकुळीतील आप्पम आणि नारळाच्या दुधातील 'इष्टू', पुट्टू व हरभऱ्याची उसळ, मट्टनचेरीची बिर्याणी हेही आवर्जून चाखावेत. शाकाहारी पर्यटकांना मट्टनचेरीतील गुजराती व कोकणी खानावळी तसेच केळीच्या पानावरील 'सद्या' यांचा पर्याय आहे.

शहरापुढील आव्हाने

कोचीचे वैभव पाण्यावर उभे आहे आणि तिच्या अडचणीही पाण्यातूनच येतात. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात विमानतळ जलमय होऊन सुमारे दोन आठवडे बंद राहिला. शहराच्या दक्षिणेकडील चेल्लानम या मच्छीमार गावात पावसाळ्यात समुद्र घरांत शिरत असे. काँक्रीटच्या टेट्रापॉडचा सात किलोमीटरहून अधिक लांबीचा बंधारा उभारल्यानंतर तेथील मोठ्या भागाला दिलासा मिळाला, मात्र बंधाऱ्यापलीकडच्या वस्तीची चिंता कायम आहे. मार्च २०२३ मध्ये ब्रह्मपुरम येथील कचरा डेपोला लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस शहरावर पसरला होता. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज सहाशेहून अधिक कंटेनरांसह बुडाले आणि प्लॅस्टिकचे दाणे दूरवरच्या किनाऱ्यांवर वाहत आले.

चिनी जाळ्यांची स्थितीही नाजूक आहे. खाडीतील गाळ, जलपर्णी व घटती मासळी यांमुळे केवळ मासेमारीवर त्यांचा खर्च निघेनासा झाला आहे. चांगले लाकूड महाग असल्याने काही ठिकाणी लोखंडी नळ्या वापरल्या जातात. छायाचित्रासाठी जाळ्यावर चढणाऱ्या पर्यटकाने ते ओढणाऱ्यांना योग्य मोबदला द्यावा आणि शक्य असल्यास तेथील ताजी मासळी विकत घ्यावी. जाळी टिकण्यास त्याचा प्रत्यक्ष हातभार लागतो. खाडीत प्लॅस्टिक टाकू नये, हे तर सांगणे नकोच.

केव्हा व कसे जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखद असतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणतः १ जूनच्या सुमारास केरळात पोहोचतो. त्या काळात दर कमी व गर्दी विरळ असते, परंतु समुद्रस्नान टाळावे. उन्हाळा दमट असल्याने दुपारची वेळ संग्रहालयांसाठी राखून ठेवावी.

नेडुंबासेरी येथील विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये तो संपूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ ठरला. देशातील प्रमुख शहरांतून येथे थेट विमानसेवा आहे. विमानतळावरून अलुवा येथे आल्यास तेथून त्रिपुणितुरापर्यंत मेट्रो रेल्वे उपलब्ध आहे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेस आणि दिल्लीहून कल्याण, पनवेल व रत्नागिरीमार्गे येणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस या गाड्या कोकण रेल्वेच्या मार्गाने एर्नाकुलमला पोहोचतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, याची नोंद घ्यावी. पनवेलहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ शहरातूनच जातो. लक्षद्वीपची प्रवासी जहाजेही कोचीहूनच सुटतात. त्यासाठी प्रवेश परवाना आगाऊ घ्यावा लागतो.

फोर्ट कोची व मट्टनचेरीसाठी दोन दिवस आणि परिसरासाठी एक दिवस असा किमान तीन दिवसांचा बेत आखावा. परदेशी सिनेगॉग शुक्रवारी व शनिवारी, तसेच यहुदी सणांच्या दिवशी पर्यटकांसाठी बंद असते. राजवाडाही शुक्रवारी बंद असल्याने मट्टनचेरीसाठी रविवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस निवडणे श्रेयस्कर ठरेल. प्रार्थनास्थळांत खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा, तसेच छायाचित्रणाबाबतचे स्थानिक नियम पाळावेत.